पहिल्या फेरीत मिस्त्री बसणार

भिंगारच्या जुन्या बाजारातून छावणीकडे निघालं, की डाव्या हाताला पत्र्याच्या छपराखाली एक गॅरेज लागतं. त्याला पाटी नाही. नगरमधल्या ज्या गॅरेजांना पाट्या आहेत, त्यांच्यावर परदेशी गाड्यांची चित्रं असतात आणि आत एखादी रिक्षा चाकं काढून पडलेली असते. इथे चित्र नाही, पण गाड्यांची रांग आहे. मालकाचं नाव नूरमहंमद. वय अडुसष्ट. त्यातली तेहेतीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मुलकी फिटर म्हणून गेली, तीही सगळी ब्रेकच्या कामात. जगात बहुतेक माणसं कशाला तरी गती द्यायला धडपडतात. नूरमहंमद मिस्त्रींनी हयात घालवली ती थांबवण्यात.

मिस्त्रींचा एक नियम होता, आणि त्या नियमाची सगळ्या भिंगारला धास्ती होती. ज्या गाडीचे ब्रेक त्यांनी केले, तिच्या पहिल्या फेरीत ते स्वतः शेजारी बसत. गिऱ्हाईक आमदाराचा भाचा असो नाहीतर दूधवाला, सुटका नव्हती.

हा नियम त्यांचा नव्हता. तो रखमाजी नावाच्या जुन्या फिटरचा. मिस्त्री नोकरीला नवे होते तेव्हा कुणीतरी एका ट्रकचे ब्रेक करून "झालं साहेब" म्हणून हात पुसले, आणि तो ट्रक करंजी घाटात थांबायचं विसरला. ड्रायव्हर वाचला, पण सहा महिने पाठीवर पडून होता. तेव्हापासून रखमाजींनी ठरवलं, की ब्रेकला ज्याचा हात लागला त्यानं पहिल्या फेरीत बसायचं. "मग हात आपोआप नीट चालत्यात," असं ते म्हणत. रखमाजी निवृत्त झाले, तसा वर्कशॉपनं तो नियम सोयीस्करपणे विसरून टाकला. नूरमहंमदनी मात्र तो पेन्शनबरोबर घरी आणला.

त्यापायी त्यांनी काय काय भोगलं! एकदा एका दाताच्या डॉक्टरांची गाडी आली. डॉक्टर नुकतेच गाडी शिकले होते. गिअर टाकताना दाढ काढल्यासारखा जोर लावत. मिस्त्री त्यांच्याही शेजारी बसले आणि अर्ध्या तासानं घामानं निथळत परत आले. त्यांच्या बायकोनं, बद्रुन्निसाचाचींनी, पाण्याचा तांब्या पुढे करत विचारलं, "कैसे हैं ब्रेक?"

"ब्रेक चांगले आहेत," मिस्त्री म्हणाले. "ड्रायव्हर तेवढा बदलायला झालाय."

ही गोष्ट भिंगारमध्ये सगळ्यांना पाठ होती. चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भारती भिंगारदिवे यांनाही होती.

भारतीबाई हायस्कुलात भूगोल शिकवत. मुलांना त्या ज्वालामुखी, भूकंप, त्सुनामी मोठ्या शांतपणे समजावून देत. पण घरातून कुणी दूध आणायला गेलं आणि दहा मिनिटं उशीर झाला, की यांच्या पायाखालची जमीन हलू लागे. काळजी करायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ती पदवी त्यांना जन्मतःच मिळाली होती. मुलगी सुकन्या सहावीत हिवरे बाजारला सहलीला गेली, तेव्हा तिच्या डब्याच्या पिशवीत त्यांनी घरचा पत्ता, रक्तगट आणि पोलीस ठाण्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी घातली होती. हिवरे बाजारात तेव्हा आणि नंतरही मुलं हरवल्याची नोंद नाही.

सुकन्या आता पंचवीस वर्षांची होती. सुप्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होती. स्वतःच्या पगारातून तिनं एक आठ वर्षं जुनी हॅचबॅक घेतली होती, आणि एका रविवारी पोहे खाताखाता तिनं जाहीर केलं, की पुढच्या महिन्यात शिरूरच्या पुढे एका खासगी ट्रॅकवर ती ही गाडी घेऊन जाणार आहे.

"शर्यत आहे?" भारतीबाईंचा घास हातातच राहिला.

"शर्यत नाही गं. ट्रॅक डे. हौशी लोक आपापली गाडी घेऊन येतात. एका वेळी चारपाचच गाड्या सोडतात. कुणी कुणाशी चढाओढ करायची नाही. आपली एक फेरी किती सेकंदांत होते ते बघायचं."

"आणि मग?"

"मग पुढची फेरी त्याहून कमी सेकंदांत."

"म्हणजे एवढ्या लांब जायचं, गोल फिरायचं आणि निघालीस तिथंच परत यायचं. फक्त लवकर."

"हो."

"ते तर तुझे बाबा रोज करतात."

बाबांनी, म्हणजे प्रशांतरावांनी, वर्तमानपत्राचं पान उलटलं. या घरात वाद सुरू झाला की ते पान उलटत. एका पेपरात ते कधीकधी तीनतीन वेळा शेवटच्या पानावर पोचत.

गाडी तयार करायला सुकन्यानं ती नूरमहंमदांकडे दिली. खरं तर मिस्त्रींच्या मुलाचं, अझीमचं, सावेडीत गाड्या सजवायचं चकाचक दुकान होतं. तिथे गाडीला डोळे, भुवया, शेपूट, सगळं लावून मिळे. अझीमनं सांगितलंही, "ताई, मागं एक मस्त पंख लावू. ट्रॅकवर सगळे बघत राहतील."

"पंख काय करणार?" मिस्त्रींनी विचारलं.

"अब्बा, मागची चाकं दाबून धरतो तो. वेगात असताना."

"हिची मागची चाकं काय करतात?"

"काय करतात म्हणजे? फिरतात."

"तेच. काही करत नाहीत. आणि त्यांना दाबायला तू पंख लावणार. जा, चहा सांग."

भारतीबाई मंगळवारी शाळा सुटल्यावर गॅरेजमध्ये आल्या. इकडे तिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "मिस्त्री, सुकन्याला कळू न देता तिची गाडी जरा हळू करून मिळेल का?"

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला. "किती हळू?"

"साठच्या वर जाऊ नये."

"पेडलखाली लाकडी गट्टू ठोकतात, तसं?"

"असं करतात?" भारतीबाईंचा चेहरा उजळला.

"करणारे करतात. मग पुणे रस्त्यावर मागनं कंटेनर अंगावर आला, पोरीला पटकन पुढं सटकायचं असलं, की तो गट्टू काढायला तुम्ही पळत जाणार का मी?"

आतून बद्रुन्निसाचाची चहा घेऊन आल्या. चहा आधीच तयार होता, हे भारतीबाईंच्या लक्षात आलं.

"सुकन्या सांगून गेलीय," मिस्त्री म्हणाले. "दोन दिवसांत आई येईल, गाडी हळू करा म्हणेल, तिला चहा द्या. तुम्ही एक दिवस लवकर आलात."

"तुम्हाला काय जातंय हसायला? पोटची पोर आहे माझी."

"मॅडम, ती रोज सुप्याला जाते. समोरनं उसाची ट्रॉली येते, तिला मागं दिवा नसतो, ट्रॅक्टरवाल्याच्या कानात गाणं असतं. तेव्हा कधी आला नाहीत. आता जिथं समोरनं कुणी येणारच नाही, डोक्याला हेल्मेट, कडेला ॲम्ब्युलन्स, तिथं चाललीय म्हटल्यावर आलात."

"एवढं बिनधोक आहे, तर ॲम्ब्युलन्स कशाला ठेवतात?"

मिस्त्रींनी चहाचा कप तोंडाला लावला. चाचींनी खुदकन हसून पदर तोंडाला लावला. भूगोलाच्या शिक्षिकेनं संधी साधली.

"तुमचा तो नियम तिकडेही लागू आहे ना?"

"कुठला?"

"पहिल्या फेरीत बसायचा."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "शिरूरच्या पुढं? ट्रॅकवर? माझं वय अडुसष्ट आहे, मॅडम."

"नियम वयाचा आहे का ब्रेकचा?"

कपाळावरचा चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग मिस्त्री म्हणाले, "लागू आहे. मी बसेन. गाडी मला पटली तर पोरगी पुढच्या फेऱ्या मारेल. नाही पटली, तर तिथनंच गाडी वळवून घरी. शब्द दिला."

भारतीबाई हलक्या पावलांनी घरी गेल्या. त्यांचा हिशेब सरळ होता. ज्या माणसानं जन्मभर गाड्या थांबवल्या, तो भरधाव वळणावर शेजारी बसला की पहिल्याच फेरीत गाळण उडून म्हणणार, बेटा, चल घरी. मग आई वाईट नाही, मिस्त्री वाईट. यापेक्षा सोयीचं काय असतं?

पण एवढ्यावर त्यांना स्वस्थता कुठली! दुसऱ्या दिवसापासून त्या रोज संध्याकाळी "सहज" गॅरेजवर येऊ लागल्या. बसायला जीपची एक जुनी सीट होती, तिच्यावर बसून वह्या तपासत. समोर त्यांच्या मुलीची गाडी हळूहळू नागवी होत होती. मागची सीट निघाली, तिच्याखाली गेल्या वर्षी हरवलेलं डब्याचं झाकण सापडलं. स्टेपनी निघाली, जॅक निघाला. डिकीत भारतीबाईंनीच ठेवलेली दोन ब्लँकेटं, पाण्याचा कॅन, दोरी, टॉर्च आणि औषधांची पेटीही निघाली.

"हे तुम्ही ठेवलंत?" मिस्त्रींनी विचारलं.

"वेळप्रसंगी लागतं."

"बरं झालं स्टोव्ह नाही ठेवलात."

सुकन्या कारखान्यातून परत येताना थांबे. मग मिस्त्री तिला समजावत आणि भारतीबाई वह्यांवरून नजर न उचलता ऐकत.

"ही गाडी पुढच्या चाकांवर चालते, बेटा. ओढतात पुढची. वळतात पुढची. थांबवण्याचा मुख्य भारही पुढच्यांवरच. मागची दोन नुसती पाठोपाठ येतात."

भारतीबाईंना आपलं सासर आठवलं.

"मग वळणात पुढच्यांवर एवढं काम पडतं, की ती म्हणतात, आता बास, आमच्यानं होत नाही. तू स्टेअरिंग वळवतेस आणि गाडी सरळच जाते. म्हणून पुढच्यांचं ओझं कमी करायचं आणि मागच्यांना जरा कामाला लावायचं."

"कसं लावायचं?" हा प्रश्न भारतीबाईंनी विचारला, आणि तो सत्तावीस वर्षांच्या संसारातून आला होता.

"सांगतो की. आहेत युक्त्या."

पुढच्या चाकांचा कल त्यांनी बोल्ट सैल करून बदलला, दोरा लावून मोजला. पुढे नवे, जास्त उष्णता सोसणारे ब्रेक पॅड घातले. मग ब्रेकचं जुनं तेल काढून नवं भरायचं, त्यातली हवा काढायची, असं काम निघालं. याला दोन माणसं लागतात. एकानं चाकापाशी बसून बारकी पिन उघडायची, दुसऱ्यानं आत बसून पेडल दाबायचं. इतकी वर्षं पेडल दाबायचं काम चाचींचं होतं. पण त्यांचा गुडघा धरला होता.

"मॅडम, या बसा आत," मिस्त्री म्हणाले. "हे काम तुम्हाला जमेल."

भारतीबाई पदर खोचून ड्रायव्हरच्या जागी बसल्या. चाकाखालून आवाज आला, "दाबा." त्यांनी दाबलं. "धरा." त्यांनी धरलं. बाटलीत तेलाबरोबर बुडबुडे आले. "सोडा." चार चाकं झाली, तोवर पोटरीत गोळा आला होता. तिसऱ्या चाकाला त्यांनी घाईनं पाय उचलला, तर खालून मिस्त्री कडाडले, "मी सोडा म्हटलं? आत हवा गेली. पुन्हा! धरायचं म्हणजे धरायचं, आणि सोडायचं तेव्हा सोडायचं. दोन्ही वेळेवर."

असं शाळेत त्यांच्याशी हेडमास्तरही बोलत नसत. पण त्यांनी मुकाट्यानं पुन्हा पेडल दाबलं. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. मुलीच्या गाडीचा ब्रेक दाबून धरायला मिळावा, याहून दुसरं त्यांनी आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी शाळेत पालकसभा होती, म्हणून त्या गेल्या नाहीत. त्या दिवशी मिस्त्रींनी मागच्या चाकांना कामाला लावायची युक्ती केली. ती सोपी होती. पुढच्या टायरात हवा तीस ठेवली, म्हणजे पुढची चाकं रस्ता घट्ट धरतात; मागच्या टायरात चाळीस, म्हणजे मागची वळणात जराशी सरकून साथ देतात. सुकन्याला बोट दाखवून बजावलं, "हवेला कुणी हात लावायचा नाही." भारतीबाईंना हे कुणी सांगितलं नाही. चूक झाली असेल, तर ती इथे झाली.

शनिवारी सकाळी अझीम आपल्या टेम्पोत हत्यारं आणि वडील भरून पुढे निघाला. प्रशांतराव घरी राहिले. पेपर यायचा होता. भारतीबाई सुकन्याच्या शेजारी बसल्या. मागे सीट नसल्यामुळे डबा, पाणी आणि औषधांची पेटी त्यांच्या मांडीवर होती.

सुप्याजवळ पंपावर थांबले. सुकन्या तोंड धुवायला गेली. आता, भारतीबाईंचा एक रिवाज होता. कुठेही लांब जायचं, तर पंपावर चारही चाकांची हवा बघायचीच. त्याप्रमाणे त्यांनी हवावाल्याला हाक मारली. त्यानं नळी लावली, काटा बघितला, डोकं खाजवलं.

"मॅडम, कुनी भरलीया ही? मागं लई जास्त हाय. पुढं बगा, कमी हाय."

"असं कसं?"

"आवो, येड्यानं भरल्यासारकी भरलीया. फुटल की मागचं!"

फुटेल! भारतीबाईंच्या डोळ्यांसमोर मिस्त्रींचा तो कपाळावरचा चष्मा आला. अडुसष्ट वर्षांचा माणूस. आकडा नीट दिसला नसेल. किती वेळेवर लक्षात आलं!

"चारीत सारखी कर," त्या म्हणाल्या. "पस्तीस."

दोन मुलं वाढवताना त्यांनी लाडूचा अर्धा तुकडाही कधी एकाला जास्त दिला नव्हता. धाकटा नोकरीसाठी बंगळूरला गेला, तरी दिवाळीचे डबे आजही वजन करून भरले जात. चार चाकांना वेगवेगळी वागणूक त्यांना कशी खपावी? सुकन्या परत आली, तेव्हा त्यांनी काही सांगितलं नाही. मिस्त्रींची चूक चारचौघांत कशाला काढायची, असा मोठेपणाही त्यात होता.

ट्रॅक म्हणजे माळावरचा काळा, वळणावळणाचा रस्ता. कडेला वाळलेलं गवत, कापडी मांडव, आणि खरोखरच एक ॲम्ब्युलन्स. भारतीबाई आधी तिच्याकडे जाऊन तिच्यात माणूस आहे का, तो जागा आहे का, हे बघून आल्या. पंधरावीस गाड्या आल्या होत्या. बहुतेक पुण्याच्या पोरांच्या, काहींना पंखही होते. शेजारी बसणाऱ्याला एक फॉर्म भरून सही द्यावी लागे. मिस्त्रींनी सही केली, टोपी काढून अझीमकडे दिली आणि हेल्मेट घातलं. ते त्यांना मोठं होत होतं. आतून फक्त दाढी दिसत होती.

"अब्बा, राहू द्या ना," अझीम म्हणाला. "इथं कोण बघतंय तुमचा नियम?"

"रखमाजी," मिस्त्री म्हणाले आणि बसले.

पहिली फेरी नीट झाली. भारतीबाई कुंपणाची तार घट्ट धरून उभ्या होत्या. मिस्त्री अजून आतच होते. दुसऱ्या फेरीत वेग वाढला. लांबच्या डाव्या वळणावर गाडी पोचली, पुढची चाकं वळलेली इथूनही दिसली, आणि गाडी मात्र वळलीच नाही. ती सरळ काळ्या रस्त्यावरून गवतात गेली. धुरळा उठला. त्यात गाडी दिसेनाशी झाली.

भारतीबाईंनी हाक मारली, का मारायची राहून गेली, ते त्यांना नंतर आठवलं नाही. तारेचे वळ हातावर दोन दिवस होते.

धुरळ्यातून गाडी सावकाश बाहेर आली. तिला ओरखडासुद्धा नव्हता. मांडवापाशी येऊन थांबली. सुकन्या उतरली, हेल्मेट काढलं. मिस्त्री उतरले, त्यांच्या पायजम्याला गवताची कुसळं चिकटली होती.

"चूक माझी, चाचा," सुकन्या म्हणाली. "मी जास्त वेगात वळणात घातली. मला नाही जमणार हे. उगाच हट्ट केला. चला घरी जाऊ."

"तुझी नाही, बेटा. तू बरोबर वळवलीस. मी बाजूला होतो ना, बघत होतो." मिस्त्री पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. बोल्टवरून बोट फिरवत होते. "पुढचा कल चुकला माझा. दोरा लावताना दिसलं नसेल. हात गेला आता माझा. गाडी मला पटली नाही. शब्दाप्रमाणे, घरी."

"मी कधीपासून सांगतोय, अब्बा," अझीम हळूच म्हणाला. "बंद करा आता गॅरेज."

मिस्त्रींनी खिशातलं फडकं काढून हात पुसले, काम संपल्यासारखे.

भारतीबाईंना जे हवं होतं, ते सगळं ताटात वाढून समोर आलं होतं. मुलगी आपण होऊन घरी चला म्हणत होती. मिस्त्री शब्द पाळत होते. त्यांनी काहीच करायचं नव्हतं; फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं फार सोपं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी वर्गावर कधी शिकवलेलं नसतं.

"हवा मी सारखी केली," त्या म्हणाल्या.

"काय?" सुकन्या वळली.

"सुप्याच्या पंपावर. मागं जास्त होती, तो म्हणाला फुटेल. म्हणून चारी चाकांत पस्तीस."

मिस्त्री उठले. टेम्पोतून हवा मोजायचा काटा आणला. एकेका चाकाला लावत, मोठ्यानं वाचत गेले. "पुढं पस्तीसची तापून एकोणचाळीस. एकोणचाळीस. मागं सदतीस. सदतीस." मग कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. "वा! इतका न्याय मी कुठल्या गाडीत बघितला नव्हता."

"आई!" सुकन्या किंचाळली. "अगं, मी मेले असते!"

"नसतीस मेली," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "गाडी सरळ गेली, गवतात गेली. मॅडमची चूकसुद्धा काळजीवाहू आहे. उलटं, मागं आणखी हवा भरली असती, तर गाडी भोवऱ्यासारखी फिरली असती." त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. अझीमकडे न बघताच ते म्हणाले, "हात गेलेला नाही माझा. ऐकलंस ना?"

अझीमनं त्यांच्यासमोर टोपी धरली. मिस्त्रींनी ती घेतली नाही. ते हवा पुन्हा तीस-चाळीसच्या हिशेबात आणायला बसले. काम झालं तसं हेल्मेट उचलून त्यांनी ते भारतीबाईंसमोर धरलं.

"बसा."

"मी? नियम ब्रेकचा आहे, हवेचा नाही."

"बरोबर. पेडल कुणी दाबलं?"

भारतीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. अझीम हसत होता. सुकन्या अजून रागात होती, पण ओठांचा कोपरा फसवत होता. ॲम्ब्युलन्सवाला डबा खात होता. त्याच्याकडून मदतीची आशा नव्हती. नियमाची आठवण करून देऊन त्यांनीच तो शिरूरच्या पुढे आणला होता. त्यांनी फॉर्मवर सही केली, अंबाडा सोडून वेणी पदराखाली खोचली आणि ते हेल्मेट घातलं. आत घामाचा आणि चमेलीच्या तेलाचा वास होता.

"आई, ओरडायचं नाही," सुकन्या म्हणाली.

"मी कधी ओरडते?"

गाडी सुटली. पहिल्या वळणाला भारतीबाईंचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. तिथे पेडल नव्हतं, पण पायाला ते कुठे माहीत! दुसऱ्या वळणालाही तसंच. लांबचं डावं वळण आलं, गवतात गेलेल्या चाकांच्या खुणा समोर दिसल्या, आणि त्यांच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "दाब!"

सुकन्यानं दाबलाच होता.

"धर," त्या म्हणाल्या. सुकन्यानं धरला होता. गाडीचं नाक खाली झुकलं, चाकं वळली, आणि या वेळी गाडीही वळली. मागचा भाग हलकेच बाहेर सरकून पाठोपाठ आला, प्रथमच स्वतःचं काहीतरी काम करत. "सोड" म्हणायच्या आत सुकन्याचा पाय हळूहळू उचललाही होता. दोन्ही वेळेवर.

पुढच्या वळणांना भारतीबाई काही बोलल्या नाहीत. पाय मात्र शेवटपर्यंत दाबत राहिल्या. ते त्यांच्या हातात नव्हतं.

गाडी मांडवापाशी थांबली. हेल्मेट निघेना, मिस्त्री आणि अझीम दोघांनी मिळून ते ओढून काढलं. भारतीबाईंचे केस विस्कटले होते, गाल लाल झाले होते. मिस्त्रींनी पाण्याची बाटली पुढे केली आणि चाचींच्याच सुरात विचारलं, "कसे आहेत ब्रेक?"

भारतीबाई आधी पाणी प्यायल्या. घाई कसली!

"ब्रेक चांगले आहेत," त्या म्हणाल्या. मग मुलीकडे न बघता, "ड्रायव्हर बदलायची गरज नाही."

सुकन्यानं त्या दिवशी उरलेल्या सगळ्या फेऱ्या मारल्या, एकटीनं. दर वेळी ती लांबच्या वळणावर गेली, की भारतीबाई कुंपणापाशी उभ्या राहून उजवा पाय मातीत दाबत. संध्याकाळपर्यंत तिथे एक छोटा खड्डा पडला होता.

निघताना मिस्त्रींनी रस्त्यासाठी चारही चाकांची हवा पुन्हा मोजली आणि सगळीकडे सारखी केली. मग काटा पुसून खिशात ठेवत म्हणाले, "घ्या मॅडम. आता उसाच्या ट्रॉल्या सुरू होतील. आता करा काळजी."